कुत्र्याला रानातल्या जनावराचा वास किती लांबून येतो? तुमचे अनुभव लिहा

सड्यावरची
परवा गावच्या ग्रुपवर चुलतभावाने एक व्हिडिओ टाकला. पडवीतला कॅमेरा, मध्यरात्र. कुत्रा पायरीवर झोपलाय, एकदम उठतो, नाक वर करतो आणि पऱ्याकडे (ओढ्याकडे) तोंड करून उभा राहतो. भुंकत नाही. बऱ्याच वेळाने खळ्याच्या कडेने डुकरांचा कळप जातो. ते बघितलं आणि आजोबांचा खंड्या आठवला.

कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. भात पोटरीत आलं की आजोबा राखणीला माचीवर झोपायचे आणि खंड्या माचीखाली. गावठीच कुत्रा, एक कान फाटलेला. खंड्या पाय पसरून पडलेला असेल तर आजोबाही डुलकी काढत. तो उठून बसला की हे पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन तयार. डुकरं शेतापर्यंत उतरायला त्यानंतर अर्धी विडी संपेल इतका वेळ लागायचा. कळप यायचा वरच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून), म्हणजे सरळ रेषेत अर्धा किलोमीटर तरी असेल. आजोबांच्या तरुणपणी गावात हाकारा घालून शिकार व्हायची, त्या काळातल्या कुत्र्यांच्या गोष्टी ते सांगायचे. मी पाहिलेला खंड्या मात्र राखणीचाच.

एक कोडं मला अजून सुटलेलं नाही. दिवसा त्याच सड्यावर भेकर चरत असलं तरी खंड्याला पत्ता नसायचा. आजोबा म्हणायचे, "वारो खाली उतारलो की तेका सगळा कळता." तुमच्या घरच्या, शेतावरच्या कुत्र्यांचं काय? जरूर लिहा.

ऊसपट्टा
आमच्याकडे जुन्नरला उलटंय. डुक्कर, कोल्हा असला तर कुत्रं भुंकतं. बिबट्या असला तर गप होतं. आमचा मोत्या खाटेखाली घुसला आणि ओढून पण निघेना, की आई गोठ्याचं दार लावायची. किती लांबून ते काय सांगणार, उसात दहा फुटांवरचं दिसत नाही. सकाळी बांधापलीकडे ठसे असायचे. मोत्या गेल्या दिवाळीत गेला, अंगणातून नेला. जास्त लिहवत नाही.

चहा_झाला_का
@ऊसपट्टा फार वाईट वाटलं. मामांकडची कुत्री संगमनेरला अशीच गेली.

रानपाखरू
ऊसपट्टा, मोत्याचं वाचून गलबललं. कुत्रं गप का होतं याला कारण आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं अभ्यासलं होतं. वजनाने बघितलं तर ८७ टक्के पाळीव जनावरं, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. तिथल्या कुत्र्यांनी भुंकून स्वतःचा ठावठिकाणा का सांगावा?

माणदेशी
दरसाल मेंढरं बसवायला येत्यात आमच्या रानात. वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) लावून झाली की कुत्री बाहेरच्या अंगाला आपापल्या जागा धरत्यात. मला वाटायचं कुठं बी पडत्यात. म्हातारा मेंढका म्हणाला, नीट बघ. बघितलं तर पाठीकडनं वारं येईल अशी बसलेली, तोंड पलीकडं. मागचं नाकानं कळतं आन पुढचं डोळ्यानं. लांडगा पण शाणा, तो वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतो, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाकडनं. म्हणून नजर तिकडं. ही अक्कल त्यांना कुणी शिकवली नाही. वारं फिरलं की रात्रीतनं उठून जागा बदलत्यात, हे मी स्वतः बघितलंय.

सड्यावरची
@माणदेशी हे भारी आहे! अजून लिहा ना.

माणदेशी
धारा काढायच्यात ताई. सांच्याला लिवतो.

कारवानी_सोलापूर
शिकारी कुत्रा म्हटलं की लोक आम्हाला विचारतात, तुमच्या कारवानीला किती लांबचा वास येतो. कारवानी नजरेचा कुत्रा आहे. माळावर ससा हलला की सुटला, आणि ससा झुडपाआड गेला की मान वर करून उभा. नाक खाली लावून माग काढत बसणं त्याच्या रक्तात नाही. मुधोळ संस्थानच्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात नावारूपाला आणली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली. २००५ साली टपाल तिकीट निघालं ते बघा, निमुळतं डोकं, लांब पाय, खोल छाती. सगळा देह पळण्यासाठी. वडील सांगायचे, पूर्वी गावठं आणि कारवानी जोडीनं न्यायचे. गावठं वासावर झुडपातून उठवायचं आणि कारवानी पळून गाठायचा. आता ते नाही आणि नसावंच, ससासुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. मी माझ्या जोडीला पहाटे सायकलमागं पळवतो.

ठाणेकर_मावशी
आमच्या लॅब्रॅडोरला तळमजल्यावर कुणी सुकट भाजली की चौथ्या मजल्यावर कळतं 😄 दाराशी जाऊन बसते. रानातली जनावरं नाहीत पण सुकट समुद्रातलीच की.

चहा_झाला_का
मावशी, सुकट आम्हालाही चौथ्या मजल्यावर कळते. 😂

वेंगुर्ल्याची_सून
सुकटीची चटणी कशी करता? आमच्याकडे ओलं खोबरं, कांदा, कोकम.

ठाणेकर_मावशी
खोबरं नाही घालत. लसूण, लाल मिरची, कोरडीच.

जीवशास्त्र_मास्तर
दहावीचे पेपर तपासताना लिहितोय, विस्कळीत असेल. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्यात जातीप्रमाणे २० ते ३० कोटी. नुसती संख्या नाही, रचनाही वेगळी. नाकपुड्यांच्या कडेला चिरा असतात. हुंगताना श्वास बाहेर जातो तो त्या चिरांमधून बाजूला, म्हणजे समोरून येणारा वास उडून जात नाही. सेकंदाला चार-पाच वेळा हुंगतो.

आता अंतर. खंड्यापर्यंत जनावर येत नव्हतं, जनावराचे कण येत होते, आणि ते आणणार वारा. उन्हात जमीन तापली की हवा वर उठते, वास विरतो. रात्री उताराची हवा थंड होऊन जड होते आणि ओढ्याच्या वाटेने खाली सरकते, वासासकट. सडा वर, शेत खाली. आजोबांनी हे बरोबर हेरलं होतं. दव, ओलावा असला तर वास जमिनीलगत टिकतो, म्हणून माग काढायला पहाट चांगली. तेव्हा मीटरमध्ये एक आकडा मागू नका. तोच कुत्रा, तेच डुक्कर, वारा उलटा असेल तर शंभर पावलांवरचंही कळणार नाही.

सड्यावरची
सर, किती वर्षांनी उलगडलं हे! शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते. दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. आमचा सडा पूर्वेला आहे, म्हणजे मतलई पण त्याच बाजूने यायचे. खंड्यासाठी रात्र दोन्हीकडून सोयीची. आईला आत्ता फोन करून सांगितलं, तीही खूश झाली.

उमेओतून
मी उत्तर स्वीडनला. सप्टेंबर लागला की ऑफिस निम्मं रिकामं, सगळे मूसच्या (इथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला. शेजाऱ्याचा येमथुंड जातीचा शिकारी कुत्रा आहे, लांडग्यासारखा दिसतो, घरात मात्र मुलांच्या अंगावर झोपतो. जंगलात त्याला नेहमी वाऱ्याच्या समोर तोंड करून सोडतात. तो नाक वर धरून जातो, मूस सापडला की त्याला अडवून एका जागी भुंकत राहतो. गळ्यात जीपीएस, त्यामुळे फोनवर रेघ दिसते. ती सुरुवातीला नागमोडी असते आणि एका बिंदूपासून एकदम सरळ. तिथे वास लागला. शेजारी म्हणतो की चांगल्या वाऱ्यात तिथून किलोमीटरभर सरळ रेघ त्याने पाहिली आहे.

इथला एक नियम मला फार आवडतो. मूस, हरीण, अस्वल अशा शिकारीत गोळी लागून जनावर पळालं तर दोन तासांत माग काढणारा तयार कुत्रा त्या जागी येऊ शकला पाहिजे. जखमी जनावर तसंच तडफडत ठेवायचं नाही.

शिकार_नको
माफ करा पण धाग्यात शिकारीचं कौतुक होतंय का?

रानपाखरू
नाही हो. उलट आता ही नाकं रानाच्या बाजूने कामाला लागली आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक (TRAFFIC) संस्थेने २००८ पासून वनखात्यांसाठी श्वानपथकं तयार करायला मदत केली. वाघाची हाडं, कातडी, बिबट्याची नखं गाडीत लपवली तरी शोधतात. रशियात विष्ठेच्या वासावरून वाघ कोणता हे ओळखणारे कुत्रे तयार केले होते. आणि अंतराचं म्हणाल तर समुद्रावरचं उदाहरण आहे. कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट व्हेल या देवमाशाची तरंगती विष्ठा शोधायला होडीच्या टोकावर कुत्रा बसवतात. जवळपास दोन किलोमीटरवरून वास पकडल्याची नोंद आहे. तिथे झाड नाही, डोंगर नाही, वारा थेट नाकात.

शिकार_नको
अच्छा. हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

माणदेशी
आलो. माग काढताना कुत्रं उलट्या दिशेला जात नाही हे बघितलंय का कुणी? जनावर कुठनं आलं तिकडं नाय, कुठं गेलं तिकडंच जातं.

जीवशास्त्र_मास्तर
यावर नॉर्वेत प्रयोग झालाय, १९९३ चा शोधनिबंध आहे. माणसाच्या पावलांवर होता, पण पाचेक ठसे हुंगले की कुत्र्याला दिशा कळत होती. ताजा ठसा आणि त्याच्या आधीचा यांत सेकंदाचा फरक, तेवढा त्याला पुरतो.

माणदेशी
तरीच.

सड्यावरची
@ऊसपट्टा, तुम्हाला एक विचारू का? भावाकडे हल्ली बिबट्याची चाहूल आहे. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात म्हणे, उपयोग होतो का?

ऊसपट्टा
होतो. बिबट्या गळाच धरतो, म्हणून धनगर वर्षानुवर्षं घालत आलेत. नवीन पिल्लाला मी आता घातलाय. खिळे बाहेर, आतून जाड चामडं पाहिजे, नाहीतर मान सोलते. दोन बोटं आत जातील एवढा सैल ठेवा. पण नुसत्या पट्ट्यावर राहू नका, रात्री बाहेर साखळीला बांधू नका, आत घ्या. आणि खाटेखाली घुसलं तर ओढून काढू नका. दार लावा.