लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

प्रश्न : माझ्या पत्नीचे हिमोग्लोबिन १०.२ असून, लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही ते वाढलेले नाही. अहवालात एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६४, तांबड्या पेशी ५४ लाख आणि ‘पेशी लहान व फिकट’ असा शेरा आहे. लोहाच्या कमतरतेखेरीज दुसरे कारण असू शकते का?

उत्तर १ : एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागावे, येथे ६४ भागिले ५.४ म्हणजे सुमारे ११.९ येते. हा आकडा १३ पेक्षा कमी असल्यास बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकतेची (म्हणजे त्याचे सदोष जनुक अंगी असण्याची) शंका घेतात, कारण लोह कमी पडल्यावर पेशींची संख्याही सहसा घटते, तर वाहकांमध्ये पेशी लहान असूनही पुष्कळ असतात. अर्थात हा केवळ अंदाज आहे, निदान नव्हे.

उत्तर २ : प्रथम फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे रक्तातील प्रथिन) तपासावे. ते कमी असेल तर लोहाची कमतरता निश्चित समजावी. मात्र संधिवात, क्षयरोग किंवा अन्य दीर्घकालीन दाह असल्यास लोह कमी असूनही फेरिटिन वाढलेले दिसू शकते. गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण घटते, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता : फेरिटिन ८५ आहे. आम्ही उल्हासनगरचे सिंधी आहोत.

उत्तर ३ : फेरिटिन कमी नसल्याने थॅलेसेमियाच्या वाहकतेची शंका बळावते, आणि सिंधी समाजात ही वाहकता तुलनेने अधिक आढळते. हिमोग्लोबिन ए२ (हिमोग्लोबिनचा वाहकांमध्ये वाढणारा एक प्रकार) ची तपासणी करावी आणि अपत्याचा विचार असल्यास आपलीही करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर (या आजाराचे गंभीर रूप) होण्याची शक्यता २५ टक्के असते. गोळ्या चालू ठेवाव्यात की नाही, हे डॉक्टरांना विचारावे.