मदत हवी आहे: गिगाबिट स्विच लावूनही आतल्या खोलीत इंटरनेटचा वेग ९४च्या वर जात नाही

नाशिककर
नमस्कार. घरी फायबरची २०० एमबीपीएसची जोडणी आहे. राउटर दिवाणखान्यात असून तिथून एक लॅन केबल भिंतीतल्या पाइपमधून आतल्या खोलीत आलेली आहे. पत्नीचेही ऑफिसचे काम आता घरून सुरू झाल्यामुळे मी पाच पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, म्हणजे एका तारेवर अनेक उपकरणे जोडून देणारा डबा, आणला आणि त्यावर आमचे दोन संगणक व प्रिंटर जोडला. वेग तपासला तर दोन्ही संगणकांवर ९४च्या आसपास अडकतो, आणि एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की दुसऱ्याची मीटिंग अडखळते. दुकानदाराने स्विच बदलून दुसऱ्या कंपनीचा दिला, तरी आकडा तोच आहे. सोमवारी पत्नीचे महत्त्वाचे सादरीकरण आहे, तेव्हा कृपया कोणता स्विच घ्यावा तेवढेच सांगावे.

सह्याद्रीवारा
स्विच आणि केबल यांच्या मागे न लागता आपण मेश वाय-फाय (घरभर ठेवलेली, एकमेकांशी जोडलेली वाय-फाय उपकरणे) घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या तीन खोल्यांच्या घरात दोन उपकरणे ठेवली आणि सगळा प्रश्न मिटला. भिंत फोडावी लागत नाही आणि मोबाइललाही फायदा होतो.

तारांगण
प्रश्नकर्त्यांकडे भिंतीत केबल आधीपासून आहे, त्यामुळे ती सोडून वाय-फायकडे वळण्यापूर्वी दोष शोधणे योग्य ठरेल. ९४ हा आकडाच बरेच काही सांगतो. दोन उपकरणांमधली जोडणी १०० एमबीपीएसवर ठरली, की पॅकेटांच्या, म्हणजे माहितीच्या लहान तुकड्यांच्या, वेष्टणात जाणारा भाग वगळून हाती साधारण ९४-९५ उरतात. याचा अर्थ राउटरपासून संगणकापर्यंतच्या मार्गात कुठेतरी एक टप्पा गिगाबिटऐवजी १००वर चालला आहे. कृपया तीन गोष्टी सांगा. स्विच लावण्यापूर्वी त्याच खोलीत वेग किती मिळत होता? राउटरचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का? आणि संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ (जोडणीचा ठरलेला वेग) किती दिसतो?

जुनाजाणता
एक मूलभूत गोष्ट इथे नोंदवतो. स्विच हा आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला दिले जाणारे क्रमांक) वाटत नाही, ते काम राउटर करतो. स्विच फक्त कोणत्या पोर्टवर कोणते मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर क्रमांक) आहेत हे लक्षात ठेवून पॅकेट त्याच पोर्टवर पाठवतो. त्यामुळे फायबरच्या डब्यातून निघालेली तार थेट स्विचला लावली, तर बहुतेक ठिकाणी एकाच उपकरणाला इंटरनेट मिळते आणि बाकीची तशीच राहतात. आपण स्विच फायबरचा डबा आणि राउटर यांच्या मध्ये लावलेला नाही ना, हे तपासावे.

नाशिककर
स्विच राउटरनंतरच लावलेला आहे आणि सगळ्या संगणकांवर इंटरनेट चालू आहे, प्रश्न फक्त वेगाचा आहे. राउटर गिगाबिटचा आहे, कारण लॅपटॉप त्याला थेट जोडला की पूर्ण २०० मिळतात. संगणकावर लिंक स्पीड १००० दिसतो. स्विच लावण्यापूर्वीही ९४च मिळत असत, पण तेव्हा आमचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा होता. २००चा प्लॅन आणि स्विच हे दोन्ही गेल्या महिन्यात एकदमच घेतले.

तारांगण
प्लॅन बदलल्याची ही माहिती फार महत्त्वाची आहे. जुना प्लॅन आणि केबलची मर्यादा एकाच आकड्याला भेटत होत्या, म्हणून केबलचा दोष इतके दिवस दिसला नाही. संगणक ते स्विच हा टप्पा १०००वर आहे, म्हणजे संशय राउटर ते स्विच या टप्प्यावर, अर्थात भिंतीतल्या केबलवर येतो. खात्रीसाठी स्विच उचलून राउटरशेजारी आणा, एका छोट्या पॅच कॉर्डने राउटरला जोडा आणि त्यावर लॅपटॉप लावून वेग पाहा. तिथे २०० मिळाले तर स्विच निर्दोष आहे, आणि कोणताही नवा स्विच घेऊन उपयोग होणार नाही.

वेंगुर्लेकर
तारांगण यांच्याशी सहमत आहे, फक्त एक जोडतो. केबलच्या आवरणावर काय छापले आहे तेही वाचावे. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ती वाकवताना तुटते आणि क्रिंपिंग केल्यावर, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवल्यावर, काही महिन्यांनी संपर्क सैल होतो. तारेचे टोक ब्लेडने हलकेच खरवडले, तर आत चंदेरी रंग दिसतो. याशिवाय आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात वीज कडाडली की गच्चीवरून तार घेतलेल्यांचे पोर्ट जळतात, तेव्हा गच्चीवरून तार घेऊच नये.

जुनाजाणता
गच्चीवरून तार घेणाऱ्यांनी आर्थिंग नीट केले, तर पोर्ट जळण्याची भीती राहत नाही.

वेंगुर्लेकर
आर्थिंगने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. जवळपास वीज पडली तरी लांब तांब्याच्या तारेत विजेचा दाब निर्माण होतो. फायबरमधून वीज वाहत नाही हाच त्यावर खरा उपाय आहे, आणि प्रश्नकर्त्यांकडे फायबरच आहे, म्हणून हा विषय मी इथेच थांबवतो.

नाशिककर
तारांगण, सांगितल्याप्रमाणे केले. राउटरशेजारी स्विचवर पूर्ण २०० मिळतात. भिंतीतली केबल कॅट ५ई (लॅन केबलचा एक दर्जा) आहे, तसे तिच्यावर छापलेले आहे, आणि तार आतून तांब्याचीच आहे. मग आता त्यावरच्या दर्जाची कॅट ६ ओढून घ्यावी का? इलेक्ट्रिशियन म्हणतो की पूर्ण पाइपलाइन नव्याने करावी लागेल.

सह्याद्रीवारा
म्हणूनच मेश सुचवले होते. पाइपलाइनच्या खर्चात चांगला संच येतो.

तारांगण
कॅट ५ई १०० मीटरपर्यंत गिगाबिट सहज वाहून नेते, आणि घरात ते अंतर क्वचितच १५-२० मीटरच्या पुढे जाते. तेव्हा कॅट ६ची घाई करू नका. मेशची दोन उपकरणे एकमेकांशी वाय-फायनेच बोलत असतील, तर मध्ये सिमेंट-काँक्रीटची भिंत आली की वेग घटतो, आणि तारेने बोलत असतील तर त्यांनाही हीच केबल दुरुस्त लागेल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्यांत. १०० एमबीपीएसची जोडणी फक्त दोन जोड्यांवर, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारांवर चालते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोन जोड्या तुटलेल्या असतील, तर काही उपकरणांमध्ये जोडणीच होत नाही, पण बरीचशी आपोआप १००वर उतरतात. तुमच्याकडे हेच झालेले दिसते. आठ दिव्यांचा साधा लॅन टेस्टर कुणाकडून तरी आणा आणि दोन्ही टोकांचे आयओ बॉक्स (भिंतीतल्या लॅन सॉकेटचे डबे) उघडून आत कोणत्या रंगाच्या तारा कुठे गेल्या आहेत ते सांगा.

नाशिककर
टेस्टर आणला. १, २, ३ आणि ६ हे चारच दिवे लागतात, ४, ५, ७, ८ लागत नाहीत. आतल्या खोलीचा बॉक्स उघडला तर नारिंगी आणि हिरव्या जोड्या सॉकेटमध्ये आहेत, तपकिरी जोडी कापून तिच्यावर टेप गुंडाळलेली आहे, आणि निळी जोडी शेजारच्या इंटरकॉमच्या सॉकेटमध्ये गेलेली आहे. दिवाणखान्यातही तसेच आहे. पण तो सोसायटीचा इंटरकॉम आहे, बिल्डरने ताबा दिला तेव्हापासून असाच चालू आहे. त्याचा इंटरनेटशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

तारांगण
दोष हाच आहे. इलेक्ट्रिशियनने दुसरी तार वाचवण्यासाठी लॅन केबलची एक जोडी इंटरकॉमला दिली. फ्लॅटमध्ये ही पद्धत सर्रास दिसते, आणि १०० एमबीपीएसचे प्लॅन होते तोवर ती खपूनही जात असे. सोमवारपर्यंतचा मार्ग सोपा आहे. निळी जोडी दोन्ही टोकांना इंटरकॉमपासून सोडवा, इंटरकॉमचा फोन काही दिवस दिवाणखान्यातच जोडा, आणि आठही तारा सॉकेटमध्ये बसवून घ्या. इंटरकॉमची तार चुकूनही नेटवर्कच्या पोर्टला लागू देऊ नका, कारण घंटी वाजताना तिच्यावर बराच जास्त व्होल्टेज येतो.

वेंगुर्लेकर
बसवताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा. प्रचलित ‘बी’ पद्धतीत पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम येतो.

जुनाजाणता
दोन्ही टोकांना सारखा असल्यास कोणताही क्रम चालतो. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले, म्हणजे झाले.

वेंगुर्लेकर
माफ करा, इथे मी सहमत नाही. ३ आणि ६ या क्रमांकांवर एकाच पिळाच्या दोन तारा असाव्या लागतात. रंग ओळीने जोड्या-जोड्यांनी लावले, तर टेस्टरचे सगळे दिवे लागतील, पण पिळाचा फायदा जाऊन लगतच्या जोड्यांमधली गडबड वाढेल आणि वेग पुन्हा पडेल. साधा टेस्टर हा दोष पकडत नाही. पिळही सॉकेटजवळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये.

नाशिककर
वेंगुर्लेकर यांच्या क्रमाने इलेक्ट्रिशियनकडून आज सकाळी आठही तारा पंचिंग टूलने (तारा सॉकेटमध्ये दाबून बसवण्याच्या हत्याराने) बसवून घेतल्या. तपकिरी जोडी थोडी आखूड पडत होती, पण बॉक्समागे केबलचे एक वेटोळे निघाले, त्यामुळे पुरली. आता स्विचवर दोन्ही संगणकांना एकेकट्याने पूर्ण २०० मिळतात. सर्वांचे मनापासून आभार. आता फक्त इंटरकॉम पुन्हा आत न्यायचा आहे. विजेच्या तारांच्या पाइपमधून त्याची तार ओढली तर चालेल का?

तारांगण
विजेच्या पाइपमधून नको. २३० व्होल्टच्या तारांसोबत कमी दाबाची तार ठेवणे असुरक्षित आहे आणि इंटरकॉममध्ये गुणगुण येण्याचीही शक्यता असते. लॅन केबलच्याच पाइपमधून टेलिफोनची दोन तारांची बारीक केबल स्प्रिंग टाकून ओढायला सांगा. पाइपात जागा अगदीच नसेल, तर ती स्कर्टिंगच्या कडेने पट्टीतून न्यावी.