डिस्कवर्ल्डमधले मुरत जाणारे विनोद : तुमचे अनुभव सांगा

निशिगंध
काल दुपारी आई गाढ झोपली असताना लेकीने वहीचे पान फाडून त्यावर "मी मेलेले नाही" असे ठळक अक्षरांत लिहिले आणि तिच्या उशाशी ठेवले. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेतली ग्रॅनी वेदरवॅक्स घरात अवतरली, हे मला लगेच कळले. ही चेटकीण पशुपक्ष्यांच्या मनात शिरते तेव्हा तिचा देह अंथरुणावर थंडगार, ताठ पडलेला असतो आणि लोकांनी मयत समजून पुरू नये म्हणून ती अशीच एक पाटी हातात धरून पडते, तीही अशुद्ध लिहिलेली. १९८३ ते २०१५ या काळात आलेल्या ४१ कादंबऱ्यांत असे विनोद पुन्हा पुन्हा येतात, पण दर वेळी थोडे वाढून येतात. शेवटच्या कादंबरीत (ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी पुढचे वाक्य गाळावे) तिच्या पाटीवर "बहुधा मेलेली आहे" असे लिहिलेले असते. इतकी वर्षे ज्या पाटीवर हसलो तिनेच मला ढसाढसा रडवले. तुम्हाला असा कोणता विनोद पुरून उरला?

चांदणवाट
माझ्यासाठी तो मान मालिकेतल्या अंख-मॉरपॉर्क शहरातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या गिल्डचा, म्हणजे व्यवसायसंघाचा आहे. त्यांचा खरा धंदा कोणता हे शहरात सगळ्यांना ठाऊक असते, तरी सारे जण गंभीर चेहऱ्याने शिवणकामच म्हणतात. सुरुवातीला हा निव्वळ चावटपणा वाटतो. पण २००२ च्या 'नाइट वॉच'मध्ये कथा तीस वर्षे मागे जाते, तेव्हा या बायकांना अजून गिल्डचे संरक्षण मिळालेले नसते, ते मिळावे म्हणून रोझी पाम धडपडत असते आणि त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर लॉन शहरात बदनाम झालेला असतो. त्याच कादंबरीत सँड्रा नावाची, खरोखर सुईदोरा चालवणारी मुलगीही आहे. ते वाचल्यानंतर तो आडपडदा मला त्या बायकांनी कष्टाने मिळवलेली प्रतिष्ठा वाटू लागला. लेखकाने त्यांची एकदाही टिंगल केलेली नाही, म्हणून हा विनोद आजही शिळा होत नाही.

पुस्तकपाखरू
@चांदणवाट, अगदी मनातले लिहिलेत. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे माझा जीव ओरांगउटान झालेल्या ग्रंथपालावर जडला आहे. १९८६ च्या दुसऱ्या कादंबरीत जादूने त्याचे रूप पालटते आणि उंच फळ्यांपर्यंत सहज हात पोहोचतो म्हणून तो पुन्हा माणूस व्हायला नकार देतो. तो फक्त "ऊक" म्हणतो, सगळ्यांना ते नीट कळते, आणि त्याला माकड म्हणणाऱ्याची धडगत नसते. प्रॅचेट पुढे खऱ्या ओरांगउटानांना पाहायला बोर्निओला गेले आणि त्यांच्या संरक्षणाच्या कामाला त्यांनी अखेरपर्यंत पाठिंबा दिला, हे कळल्यापासून तो "ऊक" मला अधिकच प्रिय झाला आहे.

घाटमाथा
कुकर लावून लिहितो आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. दशलक्षात एखादी असलेली शक्यता दहापैकी नऊ वेळा खरी ठरते, हा या जगाचा नियम आहे. 'गार्ड्स! गार्ड्स!'मध्ये ड्रॅगनला बाण मारायचा असतो आणि शक्यता मोजून मापून बरोबर दशलक्षात एक व्हावी म्हणून पहारेकरी सार्जंट कोलनला एका पायावर उभा करतात, तोंडाला काजळी फासतात आणि वर गाणेही म्हणायला लावतात. बाण अर्थातच चुकतो, कारण हिशेब नेमका जमलेला नसतो. घरात परीक्षेचा निकाल असो वा तत्काळचे तिकीट, आम्ही भावंडे एकमेकांना अजूनही "एका पायावर उभा राहा" असेच सांगतो.

तारायंत्र
विनोद नव्हे, पण याच मालिकेने दिलेली एक खूण सांगतो. २००४ च्या 'गोइंग पोस्टल'मध्ये संदेश पाठवणाऱ्या मनोऱ्यांची साखळी आहे. काम करताना मेलेल्या माणसाचे नाव 'जीएनयू' या तीन अक्षरांसह पाठवतात : पुढे धाडा, नोंद ठेवू नका, टोकाला पोहोचले की परत फिरवा. ज्याचे नाव फिरत राहते तो मेलेला नसतो, अशी तिथली श्रद्धा आहे. मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेले, तेव्हा वाचकांनी आपापल्या संकेतस्थळांच्या अदृश्य मजकुरात त्यांचे नाव असेच घातले. माझ्या छोट्याशा संकेतस्थळावरही ते आहे आणि सर्व्हर बदलताना मी ते सर्वांत आधी तपासतो.

नवी वाचक
सगळ्यांचे वाचून फार उत्सुकता वाटते आहे. ४१ पुस्तके पाहून मात्र दडपण येते. सुरुवात कुठून करावी?

निशिगंध
@नवी वाचक, १९८९ ची 'गार्ड्स! गार्ड्स!' आधी घ्या, मालिकेतल्या पहिल्या दोन कादंबऱ्या मागाहून सावकाश वाचा. तळटीपा मात्र सोडू नका, अर्धी गंमत तिथेच आहे.