वजन घटवताना काटा अडकला: दोष ‘शरीरप्रकारा’चा की मोजण्याचा?

कोरा_चहा:
उंची १५८ सेंमी, वजन ६१ किलो, कंबर ८६ सेंमी. हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. जिमच्या ट्रेनरचं म्हणणं, ‘तुम्ही एंडोमॉर्फ, भात-पोळी पूर्ण बंद.’ पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरलं, मग काटा अडकला. कधी तर रात्रीत किलोभर वाढतो! शरीरप्रकार खरंच बघायचा का? आणि प्रगती मोजायची कशी?

आडवा_छेद:
एंडोमॉर्फ (गोलसर, चरबी धरणारा), मेसोमॉर्फ (पिळदार) आणि एक्टोमॉर्फ (सडपातळ) ही शरीराची विभागणी १९४० च्या सुमारास विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केली, तीही फोटोंवरून आणि माणसाचा स्वभाव ओळखण्यासाठी. वजन कमी करण्याशी तिचा काही संबंध नव्हता. शिवाय तो प्रत्येकाला तिन्ही प्रकारांत १ ते ७ गुण द्यायचा, एकाच खोक्यात कोंबत नव्हता. त्यावरून भात बंद करायला सांगणं म्हणजे पत्रिका बघून औषध देणं.

तुमच्या आकड्यांत बघण्यासारखं वेगळंच आहे. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) येतो २४.४. जागतिक तक्त्यात तो ‘नॉर्मल’, पण भारतीयांसाठी २३ पासून पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी, पुरुषांची ९०. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, म्हणजे तुमची ७९ च्या खाली.

बारीक हातपाय आणि सुटलेलं पोट ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. नुसत्या काट्याला हा फरक दिसत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, ५.७ ते ६.४ टक्के आलं तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात.

टेप_आणि_काटा:
मोजण्याचं मी सांगतो.

पहिल्या आठवड्यातलं दीड किलो बहुतेक पाणीच. शरीरात ग्लायकोजेनचा (यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण ४००-५०० ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून असतं. भात-पोळी तोडली की हा साठा उतरतो, एका लग्नाच्या जेवणात परत भरतो. म्हणून रातोरात वाढलेला किलो चरबीचा नसतो. त्यासाठी नेहमीच्या खाण्यावर ७-८ हजार कॅलरी जादा खाव्या लागतील. लोणचं-पापडाचं मीठ, पाळीआधीचे दिवस, बद्धकोष्ठ, नव्याने सुरू केलेल्या व्यायामाची अंगदुखी, यातलं काहीही काटा वर नेतं.

तुमच्या वजनाला आठवड्याला ३०० ते ६०० ग्रॅम उतरणं ठीक. म्हणजे दिवसाला जेमतेम ४०-८५ ग्रॅम, आणि एक ग्लास पाणी प्यायलं तरी काटा २०० ने हलतो. त्यामुळे रोज सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, पण तुलना सात दिवसांच्या सरासरीची सरासरीशी करा. पाळी अजून येत असेल तर मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी.

काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नाही. शंका आली तर एकदा रिकाम्या हाताने आणि एकदा पिठाची ५ किलोची बंद पिशवी घेऊन उभं राहा. फरक ५ च यायला हवा. चरबीचा टक्का दाखवणारे काटे पायांतून सूक्ष्म वीज सोडून अंदाज बांधतात. पाणी कमी-जास्त प्यायलं तरी तो आकडा बदलतो, त्यावर फार विसंबू नका.

कंबर पंधरा दिवसांनी मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध. बेंबीवर नको, पोट सुटलं की बेंबीही खाली सरकते. टेप मागेही आडवी आहे ना ते आरशात बघा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वजन जागचं न हलता कंबर उतरत असेल तर काम चालू आहे.

कोरा_चहा:
बेंबीवरच मोजत होते! आणि मग भात?

वाटीभर_वरण:
खा, पण मापात. ताई, आधी घरातलं तेल मोजा. माणशी महिन्याला १ लिटर संपत असेल तर रोजच्या पावणेतीनशे कॅलरी एकट्या तेलाच्या. भाताशी भांडण्याआधी तिथे निम्मं करा.

प्रथिनं किलोमागे १.२ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला ७३ च्या आसपास. वाटीभर वरणात ५-६ ग्रॅमच असतात, नुसत्या वरणावर भागत नाही. १०० ग्रॅम पनीरमधून १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून २५ मिळतात. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि तो आपल्याकडे मुळातच कमी. उपासाला साबुदाण्याची खिचडी मात्र हिशोबात धरा. तो सगळा स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. त्यापेक्षा वरी-दही बरं.

सरासरी आणि कंबर दोन्ही चार आठवडे जागच्या जागी राहिल्या, तरच जेवणातून १५०-२०० कॅलरी आणखी काढा.