समुपदेशनासाठी एम.ए. : दूरशिक्षणाबद्दल थोडी भर

वाणिज्य शाखेची पदवी असताना दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करून समुपदेशक होता येईल का, या प्रश्नावर ‘हरकत नाही’ असे उत्तर आले आहे; काही वर्षांपूर्वी मीही तेच दिले असते. परंतु राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ (आरोग्यसेवेशी निगडित व्यवसायांच्या शिक्षणाचे नियमन करणारा कायदा) याच्या कक्षेत मानसशास्त्र येत असल्याने विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून या विषयाचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवण्यास विद्यापीठांना सांगितले आहे. त्यामुळे अजूनही अशा जागांची जाहिरात करणाऱ्या संस्थेला शुल्क भरण्याआधी तिच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेचे पत्र मागावे.

दुसरे असे की, ‘समुपदेशक’ आणि ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे मूल्यमापन व उपचार करणारा) यांत गल्लत होऊ देऊ नये. दुसऱ्या नावाने काम करायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते, नुसते एम.ए. (मग ते कितीही नामांकित विद्यापीठाचे असो) पुरत नाही.

प्रवेशाच्या अर्जासोबतच्या निवेदनात बहुतेक जण ‘मला लोकांना मदत करायला आवडते’ असे लिहितात, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी एखाद्या हेल्पलाइनवर किंवा शाळेत केलेले काम, तिथे स्वतःची जाणवलेली मर्यादा आणि ती भरून काढण्यासाठी हाच अभ्यासक्रम का हवा, हे नेमके लिहावे. मात्र ज्यांच्यासोबत काम केले त्यांची ओळख पटेल असा तपशील त्यात चुकूनही येऊ देऊ नये.