मदत हवी आहे: नागपुरात एका मुलीची मार्गदर्शक ताई झाले आहे, दहावीनंतरच्या निर्णयात मी किती बोलावं?

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या एका संस्थेच्या उपक्रमात मी गेल्या पावसाळ्यापासून एका मुलीची मार्गदर्शक आहे. मुलगी १६ वर्षांची, यंदा दहावी पास झाली. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. समाजकार्याचं शिक्षण नाही, घरात कुणी या क्षेत्रात नाही. म्हणून ज्यांनी असं काम केलंय, किंवा लहान वयात ज्यांना असं कुणी भेटलं होतं, त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मुलीची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, कृपया विचारूही नका.

उपक्रम असा: महिन्यातले दोन रविवार वस्तीतल्या समाजमंदिरात भेटायचं. दार उघडं, संस्थेच्या कार्यकर्त्या आसपास. अभ्यास घ्यायचा नाही, त्यासाठी शिकवणी वेगळी आहे. बोलायचं, ऐकायचं, तिला माहीत नसलेल्या जागा आणि वाटा दाखवायच्या. एकटीने तिच्या घरी जायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, फोटो कुठेही टाकायचे नाहीत. सुरुवातीलाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला लावला होता. काही जणांना तो अपमान वाटला, मला तसं वाटलं नाही. कुणीही उठून मुलांच्या इतक्या जवळ जाऊ शकणं बरोबर नाहीच.

आता मूळ प्रश्न. मुलीला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचंय. तिचा मामा वायरिंगची कामं घेतो, सुट्टीत ती त्याच्याबरोबर जाते. कुठला फेज गेला, अर्थिंग का हवं, हे ती मला ज्या आनंदाने समजावते, तो आनंद तिच्या तोंडावर दुसऱ्या कुठल्याही विषयात मी पाहिला नाही. तिची आई चार घरी स्वयंपाक करते. आईचं म्हणणं, आधी बारावी कर, मग नर्सिंग बघू. आईची भीती मला पूर्ण समजते. वर्गात सगळी पोरं असतील, काम करायला परक्यांच्या घरात शिरावं लागेल, उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील. मागच्या भेटीत आई सोबत आली आणि म्हणाली, "ताई, तुमीच सांगा हिले. तुमचं ऐकते थे." आणि मुलगी माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी तिच्याच बाजूने बोलणार हे ठरलेलं आहे.

माझं मत विचाराल तर आयटीआय. पण ते मत मोठ्याने सांगायची भीती वाटते. निर्णय चुकला तर मी माझ्या घरी परत जाईन, किंमत त्या घराला मोजावी लागेल. वर्ष वाया जाणं त्यांना परवडणारं नाही. दुसरीकडे, गप्प बसले तर मी तिथे कशासाठी जाते? तुम्ही अशा वेळी काय करता? मत सांगता, की फक्त माहिती पुढे ठेवता? आणि आई-मुलीत ओढाताण असेल तर कुणाच्या बाजूला बसता?

याला जोडूनच जातीच्या दाखल्याचा गुंता आहे. कुटुंब अनुसूचित जातीतलं, पण मूळचं छत्तीसगडचं. पणजोबा नागपुरात गिरणीत कामाला आले, तेव्हापासून सगळे इथेच. घरात कुणीच कधी दाखला काढलेला नाही. चौकशी केली तर १९५० च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. पणजोबा नेमके कधी आले हे सांगणारं माणूस आता घरात नाही. दाखला नसेल तर राखीव जागाही नाही आणि शिष्यवृत्तीही नाही.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. आईने माझ्याकडे उसने पैसे मागितले, रक्कम मोठी नाही. संस्थेचा नियम मला मान्य आहे, पण "नाही" म्हणताना त्या बाईचा मान राहील असं कसं म्हणावं? दुसरं, माझ्या नवऱ्याची पुण्याला बदली व्हायची शक्यता आहे. हे मुलीला आत्ता सांगावं की नक्की झाल्यावर?

सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

प्रतिसाद: शिल्पनिदेशक

ताई, मी आयटीआयमध्ये शिकवतो, म्हणून आधी तेवढंच. आज लगेच निवड करायची गरजच नाही. अकरावी आणि आयटीआय दोन्हीकडे ऑनलाइन अर्ज भरता येतो, दोन्ही भरून ठेवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो, तो जिथे प्रवेश पक्का कराल तिथे जातो. तोवर घरात बोलायला वेळ मिळतो.

आईला सांगण्यासारखी मुद्द्याची गोष्ट म्हणजे आयटीआय केल्याने पुढची दारं बंद होत नाहीत. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा. त्यानंतर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. राज्य मंडळाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. म्हणजे "बारावी की आयटीआय" हा प्रश्न वाटतो तेवढा टोकाचा नाही. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत हा ट्रेड चालतो, आणि वायरिंगची कामं करायची असतील तर वायरमनचा परवाना काढता येतो. आयटीआयत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, आणि नागपुरात मुलींची वेगळी शासकीय आयटीआयही आहे. तिथे हवा तो ट्रेड आहे का, हे विकल्प भरण्याआधी बघून घ्या.

पण कागदावरची माहिती आईच्या पोटातली भीती घालवत नाही. संस्थेला विचारून दोघींना एकदा वर्कशॉप दाखवायला न्या. कामाच्या दिवशी न्या, म्हणजे शिकणाऱ्या मुली दिसतील. आई तिथे जे विचारेल, त्याची उत्तरं तुम्ही देऊ नका, तिथल्या मॅडमना देऊ द्या.

प्रतिसाद: जुनी कार्यकर्ती

मी बरीच वर्षं बालगृहातल्या आणि वस्तीतल्या मुलांबरोबर काम केलंय. मत सांगायचं की नाही, यावर माझा अनुभव असा: मूल विचारत असेल तर मत जरूर सांगा, पण त्याच वाक्यात हेही सांगा की हे माझं मत आहे आणि तू वेगळं ठरवलंस तरी मी पुढच्या रविवारी येणारच आहे. मुलांना हे दुसरं ऐकायचं असतं. त्यांच्या आयुष्यातली बरीच मोठी माणसं आपलं ऐकलं नाही की येणं बंद करतात.

आईच्या विरुद्ध मात्र कधीही बसू नका. मुलगी रोज त्याच घरात झोपणार आहे. आईला वेगळं भेटा आणि सल्ला देण्याऐवजी तिला काय काय वाटतं ते पूर्ण ऐकून घ्या. बारावीचा हट्ट कुठून आला हे तिच्याकडूनच कळेल. बऱ्याचदा तिची स्वतःची शाळा कुठे तरी सुटलेली असते.

बदलीबद्दल: आत्ताच सांगा, खात्री नसली तरी. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांचा २००२ सालचा अमेरिकेतला अभ्यास या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला, आणि पहिल्या तीन महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. तुमचा तो टप्पा मागे पडलाय, हे चांगलं. तरी अचानक जाऊ नका. शेवटच्या काही भेटी ठरवून घ्या, नवी ताई येणार असेल तर एक-दोन भेटी तिघींनी मिळून करा. पुण्याहून फोन करायचा असेल तर संस्थेला कळवून, आणि जेवढा नक्की जमेल तेवढाच कबूल करा. महिन्यातून एक म्हटलं तर एक.

पैशांचं सोपं आहे: "संस्थेचा नियम आहे, मला देता येत नाहीत, पण तुमची अडचण मी संस्थेच्या कार्यकर्त्या ताईंच्या कानावर घालू का?" असं विचारा. तिने हो म्हटलं तरच घाला. वडील नसतील किंवा आई एकटीच सांभाळत असेल तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत बसतं का, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारता येईल. तिथे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि ते १८ वर्षांपर्यंतच, म्हणून उशीर करू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. मुली हळूहळू मोकळ्या होतात आणि म्हणतात, "कुणाला सांगणार नाही ना?" तसा शब्द कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. पहिल्यापासून सांगून ठेवा की तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल ते सोडून बाकी सगळं माझ्याजवळच राहील.

प्रतिसाद: वाटसरू

दाखल्याबद्दल. अनुसूचित जातीसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीपासून कुटुंब आजच्या महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवायचं असतं. १९५६ पर्यंत नागपूर आणि छत्तीसगड एकाच राज्यात होते, त्यामुळे त्या काळी आलेल्या लोकांना आपण राज्य बदललंय असं वाटलंच नाही आणि कुणी कागद जपले नाहीत. पण दाखल्यासाठी कागद इथल्या वास्तव्याचाच लागतो.

कुठली गिरणी ते आधी विचारा. एम्प्रेस मिल १८७७ ची, मॉडेल मिलही जुनी. जुन्या पेट्यांमध्ये हजेरीचं कार्ड, युनियनची पावती काहीही निघू शकतं. पण त्याहून जास्त वजन शाळेच्या नोंदीला. आजोबा किंवा त्यांचे भाऊ जुन्या नगरपालिकेच्या शाळेत गेले असतील तर दाखल-खारीज रजिस्टरमधला (शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या नोंदवहीतला) उतारा मागा, त्यात तारीख आणि जात दोन्ही असतात. तो नसेल तर जन्म-मृत्यूची नोंद. आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे जात वैधता प्रमाणपत्र असेल तर अर्धं काम झालं समजा. पणजोबा १९५० नंतर आले असं निघालं, तर मूळ राज्यातल्या दाखल्याच्या आधारे स्थलांतरितांचा दाखला मिळतो, पण त्यावर महाराष्ट्राच्या सवलती मिळत नाहीत. हे मुलीला आधीच सांगा, म्हणजे तिची सगळी आशा त्या कागदावर टांगून राहणार नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, तो दोन्ही वाटांना लागेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही अर्ज भरायचं ठरलं आणि त्यावर आईची काहीच हरकत नाही. आईशी वेगळी बोलले. तिची स्वतःची शाळा आठवीत सुटली, पण खरी भीती निघाली ती विजेची. तिच्या माहेरी एक जण शॉक लागून गेला आहे. हे मुलीलाही माहीत नव्हतं. माझं मत मी दोघींसमोर सांगितलं, जुन्या कार्यकर्ती ताईंनी लिहिलंय तसंच, आणि बदलीचंही बोलले. मुलगी थोडा वेळ गप्प होती, मग तिने पुण्याला जायला किती तास लागतात ते विचारलं.

आजोबांचे धाकटे भाऊ कामठीला असतात, ते गिरणीजवळच्या शाळेत जायचे असं कळलंय. उतारा मागायचा अर्ज शाळेकडे करायचा की महानगरपालिकेच्या शिक्षण विभागाकडे, शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर कुठे जातं, हे कुणी सांगू शकेल का?

आणि एक विनंती. नागपुरात किंवा बुटीबोरीच्या बाजूला कुणी बाई इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन म्हणून काम करत असतील, आणि एखाद्या रविवारी तासभर या मायलेकींशी बोलायला तयार असतील, तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सुरक्षेची काय काळजी घेतात हे आईला त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे. जागा संस्थेची असेल, जाण्यायेण्याचं मी बघेन. विकल्प भरायची मुदत जवळ आली आहे, म्हणून त्याआधी जमलं तर बरं.