मदत हवी आहे : पाळकीय शिक्षणासाठी उमेदवाराची शिफारस करताना काय पाहावे?

आमची ख्रिस्ती मंडळी (चर्च) नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे आणि मी तिच्या पाळकीय समितीचा सदस्य आहे. मंडळीतील दोन तरुणांना ईश्वरविज्ञानाचे शिक्षण घेऊन पाळक (पास्टर) व्हायचे आहे. समितीला मात्र एकाचीच शिफारस करता येणार आहे.

पहिल्याचा उपदेश ऐकत राहावा असा असतो. वचने तोंडपाठ, आवाज खणखणीत, आणि पेटीवर बसला की ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहातील कवी ना. वा. टिळकांची पदे तो सगळ्या मंडळीकडून म्हणवून घेतो. परंतु आजाऱ्याच्या घरी जायचे म्हटले की त्याला नेमके काही काम निघते, आणि संडे स्कूलच्या बाईंनी एकदा त्याने दिलेला संदर्भ चुकल्याचे सांगितले, तर कित्येक आठवडे तो त्यांच्याशी बोलला नाही. दुसरा चारचौघांत बोलताना अडखळतो. गेल्या पावसाळ्यात मंडळीतील एक वृद्ध विधवा रुग्णालयात होत्या, तेव्हा रात्रपाळी संपवून तो थेट त्यांच्याकडे जाई आणि चमच्याने पेज भरवी. हेही आम्हाला त्यांच्या शेजारणीकडून कळले.

समितीत बहुमत पहिल्याच्या बाजूने आहे. वक्तृत्व ही देणगी आहे, भेटीगाठी काय, पुढे अंगवळणी पडतील, असे म्हटले जाते. मला नेमके उलटे वाटते. बायबलमधील 1 तीमथ्य 3 मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, निपुण शिक्षक असावा असे प्रेषित पौल लिहितो हे खरे, पण त्याच ठिकाणी सौम्यता, अतिथिप्रियता, द्रव्यलोभ नसणे आणि बाहेरच्यांचीही चांगली साक्ष असणे, असे बहुतेक स्वभावाचेच गुण तो मागतो. ना. वा. टिळकही तापट होते, असा दाखला मंडळीतील एक वडीलधारे देतात. मात्र ज्या टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, त्यांचा तापटपणा आणि आपली चूक कोणी दाखवलेली न खपणे, या दोन गोष्टी एकाच मापाने कशा मोजायच्या?

अशा निवडीचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे, की स्वभावाची पारख समितीने कशी करावी आणि पहिल्या तरुणाला नकाराचे कारण स्पष्ट सांगावे का.

प्रतिसाद (निवृत्त पाळक) :

कारण अवश्य सांगा, पण समितीपुढे उभे करून नव्हे; ज्यांचा तो मान राखतो अशा मंडळीतील एकाच वडीलधाऱ्यांनी घरी बसवून सांगावे. ते ऐकून तो कसा वागतो, यावरूनच तुम्हाला पुष्कळ कळेल.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये सात जणांना निवडले ते विधवांच्या रोजच्या वाटणीसाठी, आणि त्यांतलाच स्तेफन पुढच्या अध्यायात न्यायसभेपुढे निर्भीडपणे बोलतो. तेव्हा अडखळण्याची फार चिंता करू नका. पौलाचेही भाषण टाकाऊ असल्याचे करिंथात म्हणत असत. मात्र दुसऱ्याचा अबोलपणा नम्रतेचा आहे की भीतीचा, हे अवश्य तपासा. वर्गणीच्या हिशेबावरून दोन घरांत वाजले की पाळकाला दोघांनाही न आवडणारे बोलावे लागते, आणि नुसत्या मायाळू माणसाची तिथे दमछाक होते. शिफारस वर्षभर लांबवता येत असेल तर दोघांनाही आजाऱ्यांच्या भेटी, अंत्यविधीची तयारी आणि तरुण संघाचा हिशेब आलटून पालटून द्या. उपदेशाची पाळी मात्र दुसऱ्यालाच जास्त वेळा द्यावी.